कर्लनच्या नावाचं पाणी

९ एप्रिल २०१९
हिल्सबरो, कारियाकू

प्रिय कर्लन,

पोचलो. ग्रेनाडाहून इकडे येताना बोट अशी उसळत होती की तिघांपैकी दोघं ओकली. मी नाही ओकले. तू म्हणायचास ना, आपल्या घरातलं माणूस त्या दोन बेटांमधल्या पाण्यात कळतं. तेवढी परीक्षा पास झाले, असं धर.

तुझ्याआधी हे पत्र फोडून वाचणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. त्यांना सांग, इथे ऊन पडलंय आणि आपल्या हडर्सफील्डची आठवण कुणाला येत नाहीये.

फ्रेया आणि रॉरी सोबत आहेत. शेफील्डला कॉलेजात असताना तीन वर्षं आम्ही एका घरात राहिलो, तेच दोघं. रॉरीची पाठीवरची पिशवी त्याच्याएवढीच आहे. ती चढवली की त्याला पुढून कुणीतरी धरावं लागतं. फ्रेयानं विमानात विचारलं, "सगळा कॅरिबियन समुद्र सोडून कारियाकूच का?" मी म्हणाले, "तिथे कुणी जात नाही म्हणून." तिला उत्तर आवडलं.

आजोबांचं, म्हणजे तुझ्या पापा थियोचं घर मी लांबून पाहिलं. आम्ही उत्तरेच्या किनाऱ्यावर पोहायला गेलो तेव्हा व्हॅन त्यांच्या बोगल्स गावातूनच गेली. तू कागदावर काढून दाखवलं होतंस तसंच आहे, पत्रा लाल आहे आणि मागे आंब्याची दोन झाडं. अंगणात बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यातली व्हर्ना आत्या कोण ते कळलं नाही. व्हॅन थांबवली नाही.

व्हॅनमध्ये गंमत झाली. आम्ही चढलो आणि गुपचूप बसलो, तर अंडी घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "का रे, रात्री एकत्र झोपलो होतो का आपण, की सकाळी नमस्कार करायचं कारण नाही?" रॉरी लालेलाल झाला आणि त्यानं ड्रायव्हरपासून सगळ्यांना एकेक करून गुड मॉर्निंग केलं. मग म्हातारी माझ्याकडे वळली. "आणि तू गं? कपाळ ओळखीचं वाटतंय. कुणाची तू?" हडर्सफील्ड म्हटलं असतं तर तिनं ओळखलं असतं, म्हणून मी म्हणाले, "नॉटिंगहॅमची." ती म्हणाली, "नॉटिंगहॅम हे कुठल्या बाप्याचं नाव?" अख्खी व्हॅन हसली. मीही हसले.

तू सांगितलेलं सगळं लक्षात आहे. शनिवारी पापाच्या थडग्यावर दगड उभा राहील. घराघरातलं एकेक माणूस दगडाला पाणी देईल, मग रम देईल. तुझ्या नावाचं पाणी मी द्यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "पापा, हे कर्लनचं पाणी. तो तुरुंगात आहे, म्हणून आला नाही." मागच्या भेटीत तू म्हणालास, जिवंत माणसांशी काय बोलायचं ते आईनं ठरवलंय, पण त्याच्याशी खोटं नको. दहा वर्षांचा होईपर्यंत ज्यानं तुला वाढवलं, त्याला तू स्कॉटलंडच्या तेलविहिरीवर आहेस असं सांगायचं नाही. बरोबर ना?

आईनं आत्याला मी गुरुवारच्या बोटीनं येणार असं सांगितलंय. तोवर जरा हिंडून घेते. फ्रेया आणि रॉरीशी अजून काही बोलले नाही. बोलेन.

फार लोक जमतात का रे अशा वेळी?

तुझी
जेनेल


१४ एप्रिल

प्रिय कर्लन,

घाईत लिहितेय, आज उद्यात टपाल जाईल म्हणून.

दगड उभा राहिला. काळपट रंगाचा आहे, त्यावर पापाचं नाव आणि खाली शिडाची होडी कोरली आहे. माणसं खूप आली होती, बेटाच्या पलीकडच्या विंडवर्डहूनही आली. तुझं नाव घेतलं गेलं. तुझ्या नावाचं पाणी दिलं. मग रम, मग तांदूळ. सगळं रीतीप्रमाणे झालं. दुपारी बोकडाचं मटण होतं, मोठ्या काहिलीत शिजवलेलं, आणि मक्याच्या पिठाचे ते गोळे. ढोलही होते.

आत्या बरी आहे. थकलेली दिसली. गर्दीत फारसं बोलणं झालं नाही.

रॉरीची तब्येत ठीक नाही. उन्हानं असेल.

तू आता काळजी करू नकोस.

जेनेल


१६ एप्रिल

कर्लन,

आधीचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. अजून मिळालं नसेल तर मिळाल्यावर वाचू नकोस.

ते परत मिळवायला काल सकाळी मी धक्क्याजवळच्या पोस्टात धावत गेले. खिडकीतली बाई म्हणाली, "पिशवी कधीच बोटीवर चढली, बाळ. कुणाला लिहिलं होतं एवढं?" मी म्हणाले, "भावाला." "मग रडतेस काय? नवऱ्याला लिहिलं असतं तर मीही घाबरले असते. भावाला दुसरं लिही. भाऊ दुसरं पत्र वाचतो."

तू वाचशील का ते मला ठाऊक नाही. तरी लिहिते.

मागच्या पत्रात खोटं एकही वाक्य नाही. मी ते तसं जपून लिहिलं होतं. तुझ्या नावाचं पाणी दिलं गेलं. मी दिलं नाही.

गुरुवारी बोट आली तेव्हा आत्या धक्क्यावर आली होती. आम्ही समोरच्या दुकानाबाहेर बसून नारळपाणी पीत होतो. निळा झगा, डोक्याला रुमाल, हातात छत्री. उतरणाऱ्या प्रत्येक मुलीचं तोंड ती बघत होती. सगळी बोट रिकामी झाली, पेट्या उतरल्या, कोंबड्यांचे पिंजरे उतरले, तरी ती उभी. फ्रेया म्हणाली, "बिचारीचं कुणीतरी आलं नाही वाटतं." मी म्हणाले, "हं."

का गेले नाही विचारशील. सांगण्यासारखं कारण नाही. तिच्याकडे गेले असते तर तिनं तिथेच विचारलं असतं, कर्लन कसा आहे. फ्रेया आणि रॉरीला मी दुसऱ्या वर्षापासून सांगितलंय की भाऊ तेलविहिरीवर आहे. नुसतं सांगून थांबले नाही. तू नाताळला का येत नाहीस, तिथे वादळं कशी होतात, हेलिकॉप्टरनं कसं नेतात, हे सगळं रंगवून सांगितलंय. रॉरीच्या वडलांनी त्यावर मला एक पुस्तक भेट दिलंय. आणि खरं सांगायचं झालं तर ते अर्धं सांगता येत नाही. तुझ्या हातून एका माणसाचा डोळा गेला, हेही सांगावं लागतं. मला वाटलं, शनिवारी गर्दीत कुठेतरी उभी राहीन, जमेल तेव्हा पुढे होईन, हळू आवाजात बोलेन.

शुक्रवारी रॉरीच म्हणाला, "बोगल्सला उद्या थडग्याचा मोठा सण आहे म्हणे. कुणीही गेलं तरी चालतं. जाऊ या का?" म्हणजे मी माझ्या आजोबांच्या दगडाला पाहुणी म्हणून गेले. मित्रांनी नेलं म्हणून.

थडगं घराच्या वरच्या उतारावर आहे. चार जणांनी दगड आणला. आत्यानं पत्र्याच्या डब्यातून मगभर पाणी घेतलं आणि ती घराघराचं नाव घेऊ लागली. विलायतेतल्या लेस्टरचं घर, विंडवर्डचं घर, तिचं स्वतःचं. प्रत्येक जण पुढे येई, पाणी ओती आणि पापाशी दोन शब्द बोले. एक बाई म्हणाली, "थियो, तुझा तो कोंबडा अजून माझ्याच अंगणात झोपतो, काय करू सांग." सगळे हसले. मोठ्यानं बोलायचंच असतं तिथे. हळू बोललं तर मागचे ओरडतात, "तो बहिरा होता, विसरलीस का!"

मग आत्या म्हणाली, "माझ्या भावाचं घर. हडर्सफील्डचं घर. कोण आलंय?"

पाण्याचा तो मग तिच्या हातात होता. मी तिच्यापासून तीन माणसं सोडून उभी होते. फ्रेया फोनवर फोटो काढत होती. आत्या पुन्हा म्हणाली, "जेनेल येणार होती. आली का कुणाबरोबर?" तिनं गर्दीवरून नजर फिरवली. ती माझ्यावरूनही गेली, पुढे गेली.

लिंडन म्हणून एक आहे, आत्याचा शेजारी, तुला खांद्यावर बसवून नेणारा तोच असावा. तो पुढे आला, म्हणाला, "आण इकडे. विलायतेत मोठा साहेब झालाय तो. म्हातारा गेला तेव्हा आला नाही, पत्र नाही, निरोप नाही. तेलात बुडालाय, त्याला पाण्याचं काय!" लोक हसले. त्यानं पाणी ओतलं. "थियो, हे कर्लनचं. त्याला सवड नाही."

तेव्हाही वेळ होती. पाणी अजून दगडावरून ओघळत होतं. रॉरीनं मला विचारलं, "काय म्हणाला तो? का हसले सगळे?" मी म्हणाले, "त्यांच्या घरचं काहीतरी."

हे इतकंच असतं तर मी आधीचं पत्र तसं लिहिलं नसतं.

पाच वाजायच्या सुमाराला ढोल सुरू झाले. आम्ही सकाळपासून उन्हात होतो. जेवण मिळालं होतं, पण रॉरीला कितीही मिळालं तरी कमीच. तो हात धुवायला घरात गेला, मी त्याच्यामागे गेले. पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरीचं टेबल होतं. मेणबत्ती, रमची बाटली, मटण, तळलेली मासळी, भाताचे गोळे, केक. कुणी खोलीत नाही. तू लहानपणी मला सांगायचास, की त्या खोलीत आम्ही पोरं श्वास धरून डोकावायचो, कारण आत जेवणारे दिसत नाहीत पण असतात. ते पितरांचं ताट. ते जेवले की उरलेलं पहाटे पोरांना वाटतात. तोवर त्याला आत्यासुद्धा हात लावत नाही.

रॉरी म्हणाला, "आयला, खरी मेजवानी इथे लपवलीय!" आणि त्यानं मासळीचा तुकडा उचलला.

मी "नको" म्हणू शकले असते. तेवढा एकच शब्द. पण मग तो म्हणाला असता, तुला काय माहीत? आणि मी काय सांगणार होते? मी दाराशी उभी राहिले. तो खात होता, भाताचा गोळा, मग मटण, आणि बाहेर कुणाची तरी पावलं वाजली तेव्हा मी दार ओढून घेतलं. कर्लन, मी दार ओढून घेतलं. कुणी बघू नये म्हणून.

थोड्या वेळानं एक म्हातारी मेणबत्ती बघायला आत गेली आणि किंचाळली. ढोल थांबले. आत्या बाहेर आली, तोंड राखेसारखं. "ताटाला कोणी हात लावला?"

रॉरीनं हसत हात वर केला. "मी! सुंदर होतं, खरंच. मासळी तर फारच."

कुणी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग लोकांना म्हणाली, "राहू द्या. परकी माणसं आहेत. ह्यांना कोण सांगणार?" आणि तिनं पुन्हा चूल पेटवायला सांगितली. दिवसभर राबलेल्या बायका पुन्हा मासळी साफ करायला बसल्या. आम्हाला मात्र तिनं केकचा एकेक तुकडा कागदात बांधून दिला. परक्या माणसांना रिकाम्या हातानं पाठवत नाहीत म्हणून.

रॉरीला नंतर व्हॅनमध्ये कुणीतरी सांगितलं त्यानं काय खाल्लं ते. तेव्हापासून तो आजारी आहे. ऊन लागलेलं नाही.

जेनेल


१९ एप्रिल, गुड फ्रायडे

कर्लन,

काल दोघांना सांगितलं. खोलीत, पिशव्या भरता भरता. आधी तू, मग पापा, मग आत्या, मग ताट.

फ्रेया ऐकत होती आणि एकच सदरा पुन्हा पुन्हा घडी करत होती. शेवटी म्हणाली, "तेलविहिरीवरच्या वादळात तुझा भाऊ अडकला होता, त्या रात्री मी तुझ्याबरोबर जागी राहिले होते."

"हो."

"तेव्हा तो कुठे होता?"

"लीड्सच्या तुरुंगात. त्या दिवशी निकाल लागला होता."

"मग निकालासाठी जागी राहिले असते ना, बाई! तेवढंच सांगायचं होतं." ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

रॉरी माझ्याकडे बघतही नव्हता. "मला वाटत होतं मी गाढव आहे," तो म्हणाला. "चार दिवस मला वाटतंय, आपल्याला अक्कल नाही, आपण परक्या घरात जाऊन मेलेल्या माणसांच्या ताटातलं खाल्लं. आणि तू दार लावून घेतलंस? तुला माहीत होतं आणि तू दार लावून घेतलंस?"

मी म्हणाले, "चल, आत्याकडे जाऊन सांगते."

"मी माझं सांगेन," तो म्हणाला. "तुझं तू सांग."

तिघं गेलो. आत्या मागच्या अंगणात काहिल वाळूनं घासत होती. रॉरीनं माफी मागितली. त्याला शब्द सुचेनात, तर आत्याच म्हणाली, "पुरे, पुरे, पोरा. पापा खायला घालणारा माणूस होता. त्यानं वाईट मानलं नसेल. पण माझी दोन वेळची मासळी गेली. ते बघ सरपण." तिनं कुऱ्हाडीकडे बोट दाखवलं. रॉरी इतक्या आनंदानं लाकडं फोडायला धावला की मला त्याचा हेवा वाटला.

मग मी म्हणाले, "आत्या, मी जेनेल."

ती काहिल घासत राहिली. "कोण जेनेल?"

"हडर्सफील्डची. तुमच्या भावाची मुलगी."

तिनं मान वर केली. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा रडेल, किंवा म्हणेल मी ओळखलं होतं. ती म्हणाली, "नाही."

"खरंच, आत्या."

"हे बघ पोरी, माझी थट्टा करायला दुसरा दिवस शोध. जेनेल आलेली नाही. तिची काहीतरी अडचण असेल. पण ती आली असती तर माझ्या दारात आली असती. माझ्या भावाची मुलगी पापाच्या दगडासमोर मुक्यानं उभी राहणार नाही. आणि त्याच्या ताटातलं कुणाला खाऊ देणार नाही." लांबून लाकडं फुटल्याचा आवाज येत होता. "तिच्या पाठीमागे तिच्यावर असलं काही घेऊ नकोस. मी ऐकून घेणार नाही."

ती माझी बाजू घेत होती, कर्लन. माझ्याविरुद्ध.

पासपोर्ट खोलीवर होता. काय दाखवू, काय सांगू कळेना. मग तू सांगितलेली एक गोष्ट आठवली आणि मी म्हणाले, "पापाची होडी किनाऱ्याला बांधलेली बुडाली, तेव्हा तळाचं बूच तुम्ही बसवायला विसरलात असं तुम्ही त्यांना सांगितलंत. ते बूच कर्लननं काढलं होतं. त्याला खेळण्यातल्या गाडीला चाक हवं होतं. पापा सबंध पावसाळा तुमच्याशी बोलले नाहीत."

आत्यानं हात धुतले. झग्याला पुसले. खाली बसली.

"हे मी मेल्या आईलासुद्धा सांगितलं नाही," ती म्हणाली. "त्यानं तुला कधी सांगितलं?"

"मागच्या महिन्यात. भेटायला गेले होते तेव्हा."

"तेलविहिरीवर भेटायला सोडतात?"

"तो तेलविहिरीवर नाही. तुरुंगात आहे. दोन वर्षं झाली. भांडणात एका माणसाचा डोळा गेला त्याच्या हातून. पापा गेले तेव्हा त्याच्याकडे यायला पैसे नव्हते, आणि आता यायला परवानगी नाही. त्यानं मला पाठवलं होतं. पाणी द्यायला, आणि पापाला खरं सांगायला."

रॉरीनं दोनदा कुऱ्हाड खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. फ्रेया कुंपणापाशी उभी होती, आत येत नव्हती.

"तिथे जेवायला काय देतात?" आत्यानं विचारलं.

मी सांगितलं. पाव, उकडलेले बटाटे, सूप. तू सांगतोस ते सगळं.

"मासळी?"

"शुक्रवारी. पण ती म्हणे मासळीसारखी लागत नाही."

ती एकदम रडायला लागली. तोंड न झाकता. "म्हणजे विसरला नव्हता," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी दारादारांत सांगतेय, मोठा झाला, विसरला, जाऊ दे. चर्चमध्ये त्याचं नाव घ्यायचं मी सोडलं. पोरगा पडला होता आणि मी रुसून बसले होते."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला.

"आणि तू," ती म्हणाली, "लिंडन बोलत होता तेव्हा तू तिथे उभी होतीस?"

"हो."

"ऐकू येत होतं?"

"हो."

"तुरुंगाची लाज वाटली तुला. बरं. ती मला समजते, मलाही वाटली असती. पण तुझा भाऊ कृतघ्न आहे, म्हाताऱ्याला विसरला, असं शंभर माणसांत कुणी म्हणतं, त्याची लाज नाही वाटली? ह्यातलं जास्त वाईट कुठलं, ते शाळेत शिकवत नाहीत का तुमच्या?"



जेनेल


२४ एप्रिल
बोगल्स

प्रिय कर्लन,

फ्रेया आणि रॉरी शनिवारी गेले. ठरल्याप्रमाणे पुढे युनियन बेटावर, मग घरी. धक्क्यावर रॉरीनं मला मिठी मारली, तळहातावरचे फोड दाखवले, म्हणाला आत्याला सांग उरलेलं सरपण पुढच्या वर्षी. फ्रेयानं नुसता हात हलवला. बोट सुटल्यावर ती मागच्या कठड्याशी आली, पण तेव्हा ती माझ्याकडे बघत होती की किनाऱ्याकडे ते अंतरावरून कळलं नाही. तिला लिहिणार आहे. आधी तुझं.

मी आत्याकडे राहायला आले. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. खाट दाखवली.

मी तिला विचारलं होतं, पुन्हा पाणी देता येईल का. मी एकटी जाईन थडग्यावर, पापाला सगळं सांगेन. ती म्हणाली, "दगड एकदाच भिजवतात. तो काय बागेतला टोमॅटो आहे?" मग म्हणाली, "आणि पापाशी एकटीनं कुजबुजून काय होणार? ऐकलं ते जिवंत माणसांनी. त्यांच्याकडे चल."

ईस्टरचं चर्च सुटल्यावर तिनं मला बरोबर घेतलं. आम्ही घराघरात गेलो. दर दारात ती आधी तब्येत विचारी, पाणी पिई, मग म्हणे, "ही जेनेल. हिला काही सांगायचंय." आणि खुर्चीत मागे टेकून बसे. पहिल्या घरात माझी जीभ उचलेना. आत्या थांबून राहिली. त्या घरच्या बाईनं तेवढ्यात एक अख्खी कोंबडी सोलून संपवली, तरी आत्या थांबून राहिली.

मी म्हणाले, "कर्लन माझा भाऊ आहे. तो तुरुंगात आहे. तो विसरला नव्हता. शनिवारी मी तिथे होते आणि बोलले नाही."

एवढंच वाक्य. पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्या घरात तेच. सोपं होत जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. कारण प्रत्येक घरात तुझं काहीतरी निघे. एकीच्या शेळीला तू नाव ठेवलं होतंस. एकीच्या नवऱ्याला तू पोहता येत नाही म्हणून चिडवायचास आणि तो आता नाही. एक म्हातारी म्हणाली, "डोळा गेला त्या माणसाचं आता कसं आहे?" आजवर आपल्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "माहीत करून घ्या." कर्लन, तुला माहीत आहे का?

लिंडनकडे शेवटी गेलो. तो होडी रंगवत होता. माझं बोलणं ऐकून त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि टोपी काढली. बराच वेळ ती हातात फिरवत बसला.

"तुरुंगात," तो म्हणाला. "बरं आहे. तेलविहिरीपेक्षा बरं. तिथे निदान माणूस बुडत नाही." मग तो आत्याकडे वळला. "त्याच्या नावानं मी काय बोललो ते थियोनं ऐकलं, व्हर्ना. आता मी काय करू?"

आत्या म्हणाली, "तू नको करूस काही. तुला कुणी सांगितलं नव्हतं."

माझ्याकडे ती बघत नव्हती. बघायची गरज नव्हती.

लिंडननं तुला निरोप दिलाय. सुटलास की ये, होडीत जागा आहे, पण बुचाला हात लावायचा नाही. आत्यानं ते बुचाचं आता सगळ्यांना सांगून टाकलंय. म्हणते, मी एकटीनं किती सांभाळायचं? तिला स्वतः तुला लिहायचंय, पण अक्षर वाचता येणार नाही म्हणून लाजते. मी म्हटलं, मी लिहून घेते, तुम्ही सांगा. तर म्हणाली, "नको. तुझ्या हातनं गेलेलं तो खरं कशावरून मानेल?" हळू बोलली, टोचायला नाही. खरंच शंका होती तिला. मग पोस्टातल्या बाईकडून लिहवून घेतलं. ते पत्र वेगळं येईल. त्यात काय आहे मला ठाऊक नाही.

शेफील्डला परतले की भेटीसाठी नाव नोंदवीन. तू नाही म्हणालास तर समजेन. हो म्हणालास आणि ऐन वेळी बाहेर आला नाहीस, तर मी वेळ संपेपर्यंत तिथे बसेन.

आत्या माझ्याशी चांगली वागते. हे तुला नीट सांगायला हवं, म्हणजे तुझा गैरसमज नको. पहाटे माझ्यासाठी कोको करते. मच्छरदाणी स्वतः खोचते. जेवायला मला कपाटातल्या काचेच्या ताटात वाढते, निळ्या फुलांच्या. शेजारच्या पोरी येतात, त्या पत्र्याच्या ताटल्यांत जेवतात आणि त्यांना ती म्हणते, "खाऊन झालं की उठा, घासा, का माझे हात भाड्यानं घेतलेत?" त्या कुरकुरतात, एकमेकींवर पाणी उडवतात, घासतात.

मीही रोज माझं ताट उचलते. रोज ती वाटेत येते आणि ते माझ्या हातातून काढून घेते. "अगं, राहू दे," म्हणते, फार गोड आवाजात. "पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात."

उद्याची बोट आहे. आज रात्रीही मी ताट घेऊन उठले, आणि ती उठली.

जेनेल